एक चालू शनिवार द्या : राज्यातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य,
स. न. वि. वि.

दहावी ते बारावीची मुले आणि त्यांचे पालक यांना एका बसमध्ये बसवून कॉलेजे दाखवायला नेणारी आम्ही वस्त्यांमधली तरुण मंडळे. यंदाच्या दौऱ्यांसाठी परवानगी मागितली तेव्हा एकाहून अधिक महाविद्यालयांकडून जवळपास एकाच साच्याचे उत्तर आले. सत्र चालू असताना गटभेटी नाहीत. प्रवेशाच्या काळात 'ओपन हाउस' असते, त्याला यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने लिंकवर नाव आणि मोबाइल नंबर नोंदवावा. पालकांसाठी सभागृहात स्वतंत्र सत्र असेल.

उत्तराची भाषा सौजन्याची आहे. पण यातली एकेक अट दौऱ्याचा एकेक पाय काढून घेते. कोणा एका संस्थेला दोष देण्यासाठी हे पत्र नाही. हीच पद्धत सगळीकडे पडून जाण्याआधी बोलावे आणि ते सर्वांसमोर बोलावे, म्हणून हे लिहीत आहोत.

सगळ्यात आधी वेळेबद्दल, कारण बाकीचे बरेचसे दुखणे तिथूनच सुरू होते.

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत 2025-26 पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत अर्जातला पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच पक्की धरली जाते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला, तरी तेच. त्यानंतर 'बेटरमेंट' (आणखी वरचा पर्याय मिळवण्याची संधी) नाही, पुढची फेरी नाही. अकरावीचेही तसेच. 2025-26 मध्ये ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला, दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणजे यादीतला पहिला क्रमांक हा निर्णय असतो, नुसती इच्छा नव्हे. आणि ऑप्शन फॉर्म भरायला हातात असतात जेमतेम तीन-चार दिवस. त्या तीन-चार दिवसांत सुविधा केंद्रातली रांग, राहिलेली प्रमाणपत्रे आणि नेटकॅफेतला सर्व्हर सांभाळून कोण कॉलेज बघायला जाणार? गेलेच तर काय दिसणार? परीक्षा संपलेल्या असतात, प्रयोगशाळांना कुलूप असते, वसतिगृह रिकामे असते. उरते ती प्रवेशाची खिडकी आणि रंग दिलेली भिंत. बंद गिरणी दाखवून कापड कसे निघते ते सांगावे, तशातला हा प्रकार आहे.

चालू दिवशी मात्र कॉलेज स्वतःच बोलते. वीस मुलांच्या बॅचचे प्रात्यक्षिक चालू असेल तर किती यंत्रांवर हात आहेत आणि किती यंत्रांवर प्लास्टिकचे आवरण आहे, हे दाराशी उभे राहून कळते. सूचनाफलकावर हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर यादी आणि एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या, परीक्षेची नोटीस असते. त्यांच्या तारखा वाचल्या की वर्ग नियमित होतात का, निकाल वेळेवर लागतात का, याचा अंदाज येतो. अकरा वाजता, भर तासिकेच्या वेळी, कँटीन तुडुंब भरलेले असेल तर त्याचाही अर्थ लावता येतो. ग्रंथालयात पुस्तकांची एकूण संख्या विचारण्यापेक्षा देवघेवीच्या खिडकीपाशी दहा मिनिटे थांबावे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का आणि दाराला कडी आहे का, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, हेही नसते. मुलगी चार वर्षे ये-जा करणार असेल, तर तिच्या आईच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न असतो.

अकरावीचे कॉलेज बघताना तर हे आणखी महत्त्वाचे. बाहेरच्या शिकवणीशी जोडलेल्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजात वर्ग भरतात की फक्त पटावर नावे भरतात, याचे उत्तर जूनमध्ये मिळूच शकत नाही. सप्टेंबरातल्या एका सकाळी ते पाच मिनिटांत मिळते.

शनिवारच का मागतो, तेही सांगतो. आमच्या बसमधले बहुतेक पालक रोजंदारीवर, दुकानात किंवा पाळीत काम करणारे आहेत. मधल्या वारी आले तर त्यांचा खाडा होतो. रविवारी ते मोकळे असतात, पण तुमचे कॉलेज बंद असते.

दुसरी गोष्ट सभागृहाची. ओपन हाउसला आलेल्यांना गार हवेत बसवून ड्रोनने टिपलेली चित्रफीत दाखवतात आणि मग पडद्यावर येते ते सर्वोच्च पॅकेज. सर्वोच्च पॅकेज एका मुलाचे असते. बाकीच्या वर्गाचे काय, हे सांगणारा आकडा तुमच्याकडेच पडून आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यासाठी दिलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. त्यात पहिल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती ठरल्या मुदतीत पदवीधर झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यांक (पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा आकडा) किती, हे ओळीने असते.

हे कसे वाचायचे ते आम्ही पालकांना एका कल्पित उदाहरणाने शिकवतो. समजा 120 मुलांनी प्रवेश घेतला, 84 वेळेत पदवीधर झाली आणि 54 जणांना नोकरी लागली. जाहिरातीत '90 टक्के प्लेसमेंट' येऊ शकते, कारण भागाकार करताना खाली 120 घेतलेले नसतात. एकही बॅकलॉग नसलेली, दहावीपासून 60 टक्क्यांच्या वर असलेली, प्लेसमेंट कक्षात नाव नोंदवलेली, अशी 60 मुले घेतलेली असतात. 60 पैकी 54 म्हणजे 90 टक्के. 120 पैकी 54 म्हणजे 45. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण आपले मूल त्या 60 मध्ये असेल की उरलेल्या 60 मध्ये, हे प्रवेशाच्या दिवशी कोणत्याच बापाला माहीत नसते. म्हणून पडद्यावर दोन्ही दाखवा, एवढेच म्हणणे आहे.

फाटकावरच्या पाट्यांचेही असेच आहे. नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी संपूर्ण संस्थेची असते आणि सर्वसाधारणपणे पाच वर्षांसाठी असते. एनबीएची (अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. संगणक शाखेची एनबीए मान्यता दाखवून स्थापत्य शाखेच्या जागा भरणे बरोबर नाही, आणि पाटीवर तारीख नसेल तर ती पाटी अपुरी आहे. 2024-25 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा लागू झाली. त्यानंतर काही ठिकाणी त्याच अभ्यासक्रमांची नावे बदलून ते सीईटीशिवाय चालू राहिले. नाव बदलण्यात बेकायदा काही असेलच असे नाही, पण पदवीच्या कागदावर नेमके काय छापले जाणार हे मुलाला प्रवेशाआधी कळले पाहिजे. स्वायत्त महाविद्यालयांबाबतही तेच: अभ्यासक्रम आणि परीक्षा तुमच्या, पदवी विद्यापीठाची. हे एका वाक्यात सांगून होते, तरी चित्रफितीत त्याला जागा मिळत नाही.

आता पैशांकडे येतो, कारण मुलांची फसगत इथे सगळ्यात जास्त होते आणि तीही कोणी खोटे न बोलता.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 2015च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. पालकांना सांगितला जातो तो बहुधा शिकवणी शुल्काचा आकडा. त्यावर विकास शुल्क, विद्यापीठाचे शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, बस, गणवेश आणि प्रयोगवह्या यांचे आकडे एकेक करून जुलै-ऑगस्टमध्ये उघड होत जातात. आम्हाला हवा आहे एकच कागद. पहिल्या दिवसापासून पदवीपर्यंत घरातून किती जाणार, त्यातले परत किती मिळणार, कोणत्या तारखेला किती भरायचे, आणि प्रवेश रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती कपात होणार.

मुलींच्या शुल्कमाफीत गोंधळ सर्वाधिक आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. घरोघरी याचा अर्थ 'मुलींना सगळे फुकट' असा पोचला. वसतिगृह त्यात नाही, खानावळ त्यात नाही. आणि मुख्य म्हणजे जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली असावी लागते. 'आत्ताच जागा पक्की करा' असे ऐकून संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागांतून, प्रवेश घेतलेली मुलगी ही सवलत गमावते, आणि ते तिला कळते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरताना. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या तुमच्या माणसाला हे आधीपासून ठाऊक असते. त्याने ते प्रवेशाआधी सांगावे.

म्हणूनच आमच्या मते दौऱ्यातला सर्वात मोलाचा अर्धा तास शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकासोबतचा असतो. प्राचार्यांचे स्वागतपर भाषण त्यानंतर (रागावू नका). जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, वैधतेला महिने लागतात आणि अकरावी-बारावी विज्ञानला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करावा, हे तो लिपिक दहा मिनिटांत समजावतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध हवे, मुदत त्याआधी संपणारे चालत नाही. शिकवणी शुल्क माफीच्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, मंजूर जागांवर 5 टक्के जादा असतात आणि त्यात फक्त शिकवणी शुल्क माफ असते. जूनमध्ये त्या लिपिकापुढे दोनशे माणसे उभी असतात. सप्टेंबरात तो शांतपणे बोलू शकतो. फरक इतकाच, पण त्यावर एखाद्या मुलाचे वर्ष वाचते.

पालकांना वेगळे बसवण्याची पद्धतही मागे घ्या. मुलगा रोबोटिक्स क्लब बघून येतो, आई वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते ते ऐकून येते, आणि घरी गेल्यावर दोघांकडे अर्धी-अर्धी माहिती असते. मतभेद तिथेच पेटतात. दोघांनी एकच उत्तर एका वेळी ऐकले तर निदान भांडण मुद्द्यावर होते. आणि ते उत्तर मराठीत द्यावे. आमच्या बसमधल्या कित्येक घरांतून कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच माणूस आहे. इंग्रजी सादरीकरणानंतर 'काही शंका?' असे विचारले की सभागृह गप्प बसते, ते सगळे समजले म्हणून नव्हे.

वसतिगृह दाखवायला नकार येतो तो राहणाऱ्या मुलामुलींच्या खासगीपणाच्या कारणाने. हे कारण योग्य आहे, आम्हाला मान्य आहे. मग एक रिकामी खोली दाखवा, जेवणाच्या वेळी खानावळ दाखवा, एका मजल्यावर किती जणांत किती स्नानगृहे आहेत ते सांगा, आणि रेक्टरांची पंधरा मिनिटे द्या. पहिल्या वर्षाच्या किती मुलांना खोली मिळते आणि उरलेली कुठे राहतात, हा प्रश्न आम्ही विचारणारच. दुसरा प्रश्न रॅगिंगचा. राज्याचा कायदा 1999 पासून आहे, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) विनियम 2009 पासून. पहिल्या वर्षाची मुले वेगळ्या मजल्यावर असतात का, रात्री जागेवर कोण असते, 1800-180-5522 हा मदतक्रमांक भिंतीवर वाचता येईल असा लावला आहे का, एवढे बघायला खासगीपणा आड येत नाही. चाकाच्या खुर्चीवरचे मूल सोबत असेल तर उतार आणि लिफ्ट दोन्ही चालू आहेत का, हेही प्रत्यक्षच बघावे लागते. लिफ्टच्या दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी असणे नवीन नाही.

लिंकबद्दल थोडक्यात. ओपन हाउसला नोंदवलेले नंबर पुढे कुठे जातात ते आम्हाला माहीत नाही, पण नोंदणीनंतर आठवड्याभरात प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालांचे फोन सुरू होतात, एवढे दिसते. 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या, पडताळून पाहता येईल अशा संमतीची अट घातली आहे. आमची मुले 15 ते 17 वर्षांची आहेत. गटाची यादी आम्ही देऊ, एका कार्यकर्त्याचा नंबर देऊ. मुलांचे नंबर देणार नाही.

आता आमच्या बाजूच्या चुका, कारण गटभेटी बंद करण्यामागे त्याही आहेत. मंडळे 40 माणसे सांगून 90 आणतात. दहाची वेळ घेऊन साडेबाराला पोचतात. बॅनर लावतात, प्राचार्यांच्या दालनात शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करतात, स्थानिक पुढाऱ्याला फोटोपुरते बोलावतात. दुपारनंतरचे धबधब्याचे ठिकाण आधीच ठरलेले असते, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे. चालू वर्गाच्या खिडकीतून मोबाइल आत घालून चित्रण करणारेही निघतात. प्राध्यापक वैतागले तर त्यांचे काही चुकले नाही. (मिरवणुकीची परवानगी काढण्यात मुरलेल्या आमच्यासारख्यांना कॉलेजची परवानगी अवघड जावी, यातच काय ते आले.)

म्हणून सहभागी मंडळांनी आपापसांत ठरवलेली शिस्त इथे जाहीर करतो. एक बस, 36 माणसे: 16 मुले, प्रत्येकासोबत घरातले एक मोठे माणूस, 4 कार्यकर्ते. दिवसाला फार तर दोन कॉलेजे. त्यानंतर मुलांना काहीच वेगळे आठवत नाही, सगळ्या इमारती एकसारख्या होतात. पत्र आणि यादी दहा दिवस आधी. फाटकावर पोचल्यावर पंधरा मिनिटांत नऊ-नऊंचे चार गट पडतील, म्हणजे 4 मुले, 4 पालक आणि 1 कार्यकर्ता. चार थांबे: प्रयोगशाळा, वर्ग व ग्रंथालय, वसतिगृह व खानावळ, शुल्क व शिष्यवृत्ती. प्रत्येक थांब्यावर 25 मिनिटे आणि मग जागा बदल. अशाने कुठेही एका वेळी नऊपेक्षा जास्त बाहेरची माणसे नसतात आणि चालू प्रात्यक्षिकाला धक्का लागत नाही. शेवटची 30 मिनिटे तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत. एकूण दोन तास पंचवीस मिनिटे. हार, बॅनर, पुढारी नाही. वर्गात आणि वसतिगृहात मोबाइल खिशात. उशीर एका तासापेक्षा जास्त झाला तर भेट रद्द समजावी. आम्ही पुन्हा तारीख मागू, वाद घालणार नाही.

मंडळांना एसटी प्रासंगिक कराराने, म्हणजे अख्खी बस ठरवून, पूर्ण भाड्यात घ्यावी लागते. शाळांच्या सहलींसारखी अर्ध्या भाड्याची सवलत आम्हाला नाही. तो खर्च वर्गणीतून निघतो आणि त्यासाठी तुमच्याकडे काही मागत नाही. चहाही नको.

मागण्या अशा.

सत्र चालू असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात एक आणि जानेवारी-फेब्रुवारीत एक, असा कामकाजाचा एकेक शनिवार बाहेरच्या गटांसाठी राखावा आणि त्याची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. पहिला बारावीच्या मुलांसाठी, त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधीचा, दुसरा अकरावीसाठी. तुमच्याकडे शनिवारी सुट्टी असेल तर वर्षातून दोन शनिवारी प्रात्यक्षिके ठेवावीत. मुले आणि पालक यांना एकत्र फिरू द्यावे. प्रत्येक शाखेचा एक मराठी पानभर तक्ता फाटकाजवळ लावावा: मंजूर जागा, पूर्णवेळ शिक्षक (एआयसीटीईचे प्रमाण अभियांत्रिकीत वीस विद्यार्थ्यांमागे एक असे आहे, त्याशेजारी तुमचा आकडा), मुदतीत पदवी मिळालेले, नोकरीला लागलेले, पगाराचा मध्यांक, नॅक आणि एनबीएच्या तारखा. शुल्काचा वर सांगितलेला कागद सर्व वर्षांच्या आकड्यांसह द्यावा. शिष्यवृत्ती विभागातला एक माणूस त्या दिवशी जागेवर असावा. विद्यार्थ्यांसोबतच्या अर्ध्या तासात प्राध्यापक किंवा जनसंपर्क अधिकारी खोलीत नसावेत, आणि बोलणारी मुले तुम्ही निवडू नयेत. ग्रंथालयात जी भेटतील ती चालतील. अल्पवयीन मुलांचे नंबर गोळा करणे थांबवावे.

ज्या महाविद्यालयांना हे शक्य नाही त्यांनी तसे लेखी कळवावे, कारणासह. कोणत्या कॉलेजाने कोणती तारीख दिली, कोणी नकार दिला आणि कोणत्या कारणाने, याची यादी आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक मंडळाच्या फलकावर लावणार आहोत. त्यात शेरे नसतील, फक्त तुमचे उत्तर असेल. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवू. पहिली बस गणेशविसर्जनानंतरच्या दुसऱ्या शनिवारी निघेल.

आपले नम्र,
कॉलेज-दौरे काढणाऱ्या तरुण मंडळांचे कार्यकर्ते